चिठ्ठी क्रमांक २१२

आमच्या विज्ञान मंडळाचे एकूण सात नियम आहेत आणि सातही ईश्वरप्पा सरांनी स्वतः केलेले आहेत. त्यांतले दोन इथे सांगावे लागतील. नियम चार: शंकापेटीत आलेल्या प्रत्येक चिठ्ठीला क्रमांक दिला जाईल, क्रमानेच जाहीर उत्तर दिलं जाईल, एकही चिठ्ठी वगळली जाणार नाही. नियम पाच: उत्तरावर उपप्रश्न फक्त ज्याची चिठ्ठी त्यालाच विचारता येईल, आणि त्यासाठी त्याने उभं राहून चिठ्ठीचा क्रमांक आणि आपलं नाव सांगितलं पाहिजे. हा पाचवा नियम भानामतीवरच्या सभेनंतर झाला. त्या दिवशी एका चिठ्ठीवर चौदा जणांनी उपप्रश्न विचारले होते आणि चौदावे गृहस्थ स्वतःच्या चुलतीची हकीकत सांगत बसले होते.

मी मंडळाची सहचिटणीस. बी.एस्सी. झाले आहे, रसायनशास्त्र घेऊन. सूतगिरणीच्या तपासणी खोलीत नोकरी करते; सूत किती वजनाला तुटतं ते यंत्रावर पाहून नोंदवते. मंडळातलं माझं काम म्हणजे पेटी उघडणं, चिठ्ठ्यांवर क्रमांक घालणं आणि वहीत उतरवणं. डिसेंबर ७५ मध्ये मी ज्या चिठ्ठीवर २१२ हा आकडा घातला, तिच्यात छापल्यासारख्या सुट्या अक्षरांत लिहिलं होतं:

‘पुरुषास पुरुषाविषयीच ओढ वाटत असल्यास तो रोग आहे काय? असल्यास विजेचे शॉक देऊन बरा होतो काय? जाहीर उत्तर द्यावे.’

डिसेंबरच्या सभेत सरांनी २११ चं उत्तर दिलं, घोटभर पाणी प्यायले आणि २१३ उघडली. कडुलिंबाखाली झोपलं तर प्राणवायू जास्त मिळतो का, असा तो प्रश्न होता. जानेवारीत पुन्हा तसंच.

“सर, २११ नंतर २१३ येत नाही,” मी म्हणाले.

“बाई, छत्तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलंय मी. आकडे मला शिकवू नका.”

“मग नियम चार?”

“नियम विज्ञानाच्या प्रश्नांना. हा काय विज्ञानाचा प्रश्न आहे? बायका येतात सभेला.”

“मीही येते, सर. चिठ्ठीवर आकडा मीच घातलाय.”

सरांनी चष्मा काढून पुसला. उत्तर द्यायचं नसलं की ते चष्मा पुसतात. तो चष्मा सोलापुरात सगळ्यात स्वच्छ असावा.

मला हे उत्तर २१ फेब्रुवारीच्या सभेत हवंच होतं. कारण २३ तारखेला, सोमवारी, माझ्या धाकट्या भावाला पुण्याला शॉक द्यायला नेणार होते.

चन्नवीर बावीस वर्षांचा आहे. मंगळवार पेठेत अप्पांच्या, म्हणजे आमच्या वडिलांच्या, भुसार दुकानात बसतो. दिवाळीत करमाळ्याचं स्थळ आलं तेव्हा त्याने अप्पांना सांगितलं की मला ही मुलगी नको, कुठलीच नको. का नको तेही सांगितलं. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधला सिदू दर रविवारी आमच्याकडे जेवायला का येतो, हे त्या दिवशी घरात सगळ्यांना कळलं. आमची आई, अव्वा, देवघरात जाऊन बसली. अप्पांनी गावातल्या एका डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी जाडजूड पुस्तक उघडून एका ओळीवर बोट ठेवलं आणि सांगितलं, विकृती आहे, बारा वेळा शॉक घ्यावे लागतील, पुण्याला चिठ्ठी देतो.

ती २१२ चन्नूनेच टाकली, असं मी धरून चालले होते. विचारलं तर उलट मलाच हसला.

“मी कशाला विचारू, अक्का? रोग हाय का न्हाई ते मला ठाऊक हाय की.”

“मग पुण्याला कशाला चाललायस?”

“न्हाई गेलो तर अप्पा जेवत न्हाईत. दोन महिने झाले, निम्मी भाकरी ताटात राहते त्यांची.”

“म्हणून डोक्यात वीज सोडून घेणार तू?”

“मग काय करू? तूच सांग. तू शिकलेली हायेस.”

त्याचा हा शेवटचा टोला मला लागला. या घरात प्रत्येक जण दुसऱ्यासाठी काहीतरी करतो आणि परिणाम हा असा.

मंडळाच्या कामासाठी म्हणून सरांचं शिफारसपत्र घेऊन मी मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत गेले. डॉक्टरांनी दाखवलेलं पुस्तक तिथे होतं. आवृत्ती १९५४ ची, आणि ती ओळही होती. पण परदेशी नियतकालिकं बोटीने उशिरा येतात तशी ती तिथे एका टेबलावर, बरीचशी गठ्ठेही न सोडलेली, पडली होती. दोन दुपारी मी ते गठ्ठे सोडत बसले. दुसऱ्या दुपारी सापडलं. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने डिसेंबर ७३ मध्ये समलिंगी ओढ आपल्या रोगांच्या यादीतून काढून टाकली होती. काही डॉक्टरांनी हरकत घेतली म्हणून ७४ मध्ये सभासदांचं मतदान झालं. यादीतून काढण्याच्या बाजूने ५८५४, विरुद्ध ३८१०.

म्हणजे दोन वर्षांपूर्वीच निकाल लागला होता. आमच्या डॉक्टरांचं बोट अजून १९५४ वरच होतं.

पण मला खरं कुतूहल होतं ते यादी बदलली कशी याचं. तेही तिथे थोडक्यात दिलं होतं. न्यूयॉर्कच्या एका दारूगुत्त्यावर ६९ साली पोलिसांनी धाड घातली, तिथे जमणाऱ्या अशा लोकांनी उलट मार दिला, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्यांनी मोर्चा काढला. दिवसाढवळ्या, चेहरे उघडे ठेवून. मग दरवर्षी मोर्चा. ७२ मध्ये लंडनमध्येसुद्धा. त्यातलेच काही जण डॉक्टरांच्या परिषदांत शिरले आणि म्हणाले, आमच्याविषयी बोलताय तर आमच्याशी बोला. एका परिषदेत तर एक डॉक्टर मुखवटा घालून व्यासपीठावर आला आणि म्हणाला, मी तुमच्यातलाच डॉक्टर आहे आणि मी त्यांच्यातलाही आहे.

मी हे सगळं उतरवून घेतलं, घरी आले आणि अप्पांना वाचून दाखवलं. अप्पा सातवी शिकलेले, पण गेली सहा वर्षं मंडळाच्या सभेत पहिल्या रांगेत बसतात. मंडळाने सांगितलं म्हणून आमच्याकडे पाणी उकळतात. संधिवातासाठी घातलेलं तांब्याचं कडं डॉक्टरांनी सांगून काढलं नव्हतं, ते सरांनी व्यासपीठावरून सांगितल्यावर काढलं. तेव्हा विज्ञान ऐकतील, असा माझा हिशेब.

अप्पांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, “जगू, तू त्याची बहीण हायेस.”

“अप्पा, हे मी म्हणत नाही. छापलेलं आहे.”

“आणलंस तर तूच की. आपल्या मालाला आपणच चांगला म्हणायचं व्हय? गिऱ्हाईक हसंल. मंडळानं म्हणू दे. व्यासपीठावरनं.”

“मंडळ म्हणजे ईश्वरप्पा सर. ते चष्मा पुसत बसतात!”

“मग सोमवारी पुणे,” अप्पा म्हणाले आणि ताट सारून उठले. निम्मी भाकरी तशीच.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुटल्यावर मी सरांच्या घरी गेले आणि टिपणं त्यांच्यासमोर ठेवली. सरांनी ती दोनदा वाचली. वाचताना त्यांच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

“मतदान? रोग आहे की नाही ते मतदानाने ठरवायचं? उद्या पाणी किती अंशाला उकळतं यावर मतदान घ्याल. आणि हे काय, परिषदेत घुसले? मोर्चे? दबावाने विज्ञान बदलतं काय, बाई?”

खरं सांगायचं तर ही शंका मलाही आली होती. दोन रात्री मी तिच्यावर विचार केला होता. म्हणून उत्तर तयार होतं.

“सर, गिरणीत गेल्या वर्षी एक नवा मुलगा तपासणीला लागला. त्याने अहवाल दिला की आपलं सगळंच सूत कच्चं आहे. मॅनेजर हबकले. मग कळलं की तो नमुने घ्यायचा ते गिऱ्हाइकांनी परत पाठवलेल्या पेट्यांतून. त्याला त्याच जवळ पडायच्या.”

“मग?”

“डॉक्टरांनी आजवर कोणती माणसं तपासली? दवाखान्यात आली ती. तुरुंगातून आणली ती. जी घरी नीट जेवून-खाऊन होती, ती कशाला जातील डॉक्टरकडे? त्यांचा नमुना कुणी घेतलाच नव्हता. मोर्चात ती पहिल्यांदा दिसली. मोर्चाने विज्ञान बदललं नाही, सर. मोर्चाने नमुना बदलला. मत त्यानंतरचं.”

सरांनी या वेळी चष्म्याला हात लावला नाही.

“पण आपल्याकडे कायद्याने गुन्हा आहे हा,” ते शेवटी म्हणाले.

“२१२ मध्ये गुन्ह्याचं विचारलेलं नाही. रोगाचं विचारलंय.”

“तुम्ही फार काटेकोर आहात, बाई.” हे कौतुक नव्हतं. “लिहून आणा. मी वाचेन. पण आधी चौकीवर दाखवावं लागेल.”

आणीबाणी होती. पाचाहून जास्त माणसं जमवायची तर परवानगी लागायची, आणि व्यासपीठावरून काय बोलणार ते आधी लिहून द्यावं लागायचं. आमच्या वाट्याला आलेले जमादार हे करड्या मिशांचे, पोट सुटलेले, स्वभावाने चांगले गृहस्थ होते. त्यांनी माझं दीड पानाचं उत्तर बोट फिरवत वाचलं. ते ‘समलिंगी’ वरून गेले, काही नाही. ‘शॉक’ वरून गेले. आणि एकदम थांबले.

“हे काय? मोर्चा?”

“न्यूयॉर्कमधला आहे, साहेब. सहा वर्षांपूर्वीचा.”

“असू दे की. मोर्चा तो मोर्चाच. बंदी हाय.” त्यांनी लाल पेन्सिल उचलली. “मिरवणूक लिवा.”

“मिरवणूक म्हणजे लोकांना गड्ड्याच्या जत्रेतली वाटेल. नंदीध्वजांची.”

“मग चांगलंच हाय की! कुणाची तक्रार न्हाई.” पेन्सिल पुढे सरकली. “मतदान? बाई, निवडणुका पुढं ढकलल्यात हितं, आन् तुमी मतदान वाचून दाखवणार?”

“डॉक्टरांचं आहे हो ते!”

“डॉक्टरांनी इचार केला, असं लिवा. डॉक्टर इचार करतात. त्याला बंदी न्हाई.”

पाच मिनिटांत माझ्या दीड पानाच्या दोन ओळी झाल्या. ज्या गोष्टीसाठी मी महिनाभर झोपले नव्हते, त्या गोष्टीला जमादारांची काडीची हरकत नव्हती. हरकत होती ती नमुना कसा मिळाला आणि निर्णय कसा झाला, एवढ्यालाच. उरलं ते असं: ‘अमेरिकेतील तज्ज्ञांनी विचार केला असता हा रोग नाही असे आढळले. सबब शॉकचा प्रश्न उद्भवत नाही.’

सरांना ते फार आवडलं. “आटोपशीर झालं,” म्हणाले. त्यांना नको असलेले दोन्ही शब्द लाल पेन्सिलीने परस्पर गेले होते. मी मात्र संतापले होते. पुरावा काढून नुसता निष्कर्ष सांगायचा, मग आमच्यात आणि नवसाचं कडं विकणाऱ्यात फरक काय?

२१ तारखेला शाळेचा हॉल भरला होता. अप्पा पहिल्या रांगेत, अव्वा बायकांच्या बाजूला, चन्नू मागे दाराजवळ, त्याच्या शेजारी सिदू. सभेवर लक्ष ठेवायला आलेले जमादार शेवटच्या खुर्चीवर. सरांनी २१२ चा प्रश्न घाईघाईत वाचला, मग ती दोन वाक्यं वाचली, आणि लगेच पुढची चिठ्ठी हातात घेतली. हॉलमध्ये कुजबुज झाली, कुणीतरी खाकरलं. सगळं मिळून मिनिटभरही गेलं नाही. मी अप्पांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर, गिऱ्हाईक भाव न विचारता माल घेऊन गेलं की येतो, तसा संशय होता.

आणि ते उभे राहिले.

“उपप्रश्न,” ते म्हणाले.

सर गोंधळले. “मल्लिकार्जुनअण्णा, नियम पाच... उपप्रश्न फक्त ज्याची चिठ्ठी असेल...”

“ठाऊक हाय. चिठ्ठी क्रमांक दोनशे बारा. मल्लिकार्जुन शिवलिंगप्पा हंगरगे, भुसार व्यापारी, मंगळवार पेठ. चिठ्ठी माझी हाय.”

सुटी सुटी अक्षरं! अप्पा पोत्यांवर शाईने गावांची नावं घालतात, ती तशीच असतात. लहानपणापासून मी ती पोती बघत आले होते, आणि चिठ्ठीचा संशय घेतला तो चन्नूचा.

मागून कुणीतरी हसलं, आणि कुणीतरी म्हणालं, “अरे, ह्या वयात?” अव्वाने पदर तोंडावर ओढला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की अख्ख्या सभेला काय वाटलं. अप्पांच्याही आलं असणार. ते वळले नाहीत.

“माझा उपप्रश्न असा,” ते म्हणाले. “रोग न्हाई हे कुणी ठरवलं, आन् कशावरनं? आधी रोग हाय म्हणत होते ते पण डॉक्टरच की. त्यांनी इचार केला न्हवता व्हय?”

सरांनी हातातला अर्धा कागद उलटा करून पाहिला. मागे काही नव्हतं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि ध्वनिक्षेपक माझ्याकडे वळवला. त्यांनी छत्तीस वर्षांत उत्तर न येणारा प्रश्न कधी टाळला नसेल असं नाही. पण नियम पाच त्यांचा होता.

मी सगळं सांगितलं. पुस्तक १९५४ चं, नमुना दवाखान्यातला आणि तुरुंगातला. मग म्हणाले, “१९७० साली त्या लोकांनी न्यूयॉर्कमध्ये मोर्चा...”

“मिरवणूक म्हणा की, बाई!” मागून जमादार ओरडले.

लोक हसले. मला हसू आलं नाही.

“मोर्चा,” मी म्हणाले. “मिरवणुकीत देव पुढे असतो. यांच्यापुढे कुणी नव्हतं. यांना आम्हाला मोजा असं म्हणायचं होतं, म्हणून मोर्चा. आणि मतदान. पाच हजार आठशे चोपन्न विरुद्ध तीन हजार आठशे दहा.”

जमादारांनी वही काढली. मुखवटा घातलेल्या डॉक्टरापर्यंत मी पोचले तेव्हा ते लिहिता लिहिता थांबून ऐकत होते.

अप्पा उभेच होते. “म्हंजे,” ते सावकाश म्हणाले, “थप्पीच्या बाहेरची भिजलेली पोती तेवढी टोचून बघितली, आन् अख्ख्या गोदामाला सडका माल म्हणले.”

“हो, अप्पा.” सभेत मी त्यांना कधी अप्पा म्हणत नाही.

“मधली पोती आतनं स्वतःच बोलली, तवा कळलं.”

“हो.”

“बरं,” अप्पा म्हणाले आणि बसले. सरांनी हातातली पुढची चिठ्ठी वाचायला घेतली. ती साबणाविषयी होती.

घरी आल्यावर पहिली अव्वा सुटली. “सगळी पेठ आता तुमच्याकडं बोट दाखवंल! माझ्या माहेरी अक्कलकोटला उद्या सकाळी पोचतंय बघा हे. तीस वर्षांचा संसार, आन् लोक म्हणणार ह्येचं असं हाय!”

“म्हणू दे,” अप्पा म्हणाले.

“म्हणू दे? सांगा की लोकांना, पोराचं हाय म्हणून!”

“कशाला सांगू? चिठ्ठी कुणाची ते इचारलं होतं. माझी होती.” त्यांनी ताट ओढलं. “नीलम्मा, भाकरी वाढ.”

मला वाटलं, आता तरी चन्नू काही बोलेल. तो बोलला, पण मला वाटलं होतं ते नाही. तो माझ्यावर उखडला.

“लई छान, अक्का. न्यूयॉर्कच्या लोकांना कुणी इचारलं न्हवतं, म्हणून तू हॉलभर माणसांसमोर भांडलीस. मला तू तरी इचारलंस का? अप्पांनी चिठ्ठी टाकली. तू लायब्ररी पालथी घातलीस. सरांना दाखवलं, पोलिसांना दाखवलं. मी हितंच होतो की! रोज, ह्याच घरात. एकानं इचारलं न्हाई, चन्न्या, तुला काय होतंय?”

तो बरोबर होता. नमुना समोर बसलेला असताना मी बोटीने आलेली नियतकालिकं सोडत बसले होते.

“बरं. काय होतंय?” अप्पांनी घास तोंडात असतानाच विचारलं.

चन्नूला हे अपेक्षित नव्हतं.

“काही होत न्हाई, अप्पा. बरा हाय मी. फक्त करमाळ्याला नकार कळवा. पोरगी ताटकळली असंल बिचारी.”

“ते मी काय सांगून कळवू? कारण काय देऊ?” अप्पा वैतागून म्हणाले. “आता ह्येची पण एक चिठ्ठी टाकावी लागणार.”

चिठ्ठी टाकता येणार नव्हती. दुसऱ्याच दिवशी मंडळाची परवानगी तीन महिन्यांसाठी रद्द झाल्याचा कागद आला. कारण: मंजूर मजकुराव्यतिरिक्त भाषण. सरांनी तो मला दाखवला आणि म्हणाले, “तुमच्यामुळे, बाई.” पण जाताना त्यांनी माझी टिपणं परत मागून घेतली. नीट वाचायची आहेत म्हणाले.

सोमवारी, २३ तारखेला, पुण्याची गाडी गेल्यावर बऱ्याच वेळाने मी गिरणीला निघाले तेव्हा अप्पा दुकानाची फळी काढून बसले होते. दोन गिऱ्हाइकं उभी होती आणि एकमेकांना कोपराने खुणावत होती. अप्पा ज्वारी मापत होते. तेवढ्यात चन्नू डोळे चोळत आला. साडेआठ वाजून गेले होते.

“ही येळ हाय दुकानाला यायची?” अप्पा गरजले. “पोती कोण उचलणार, मी? आजारी हायेस व्हय रे?”

आणि म्हणता म्हणता ते थांबले. माप हातात तसंच राहिलं.

चन्नूने त्यांच्याकडे पाहिलं.

“न्हाई, अप्पा,” तो म्हणाला. “झोपलो होतो.”

“मग उचल की!” अप्पा म्हणाले, आणि माप रिकामं केलं.